न फवारलेली ओळ

"आधी बघून घे, मग नाव विचार."

मामांचं हे वाक्य मी बारा वर्षं ऐकलं. तळहातावर काहीतरी ठेवायचं, एखादं हाडूक, शेंग, मेलेला नाकतोडा, आणि तो तळहात थेट पोराच्या नाकापर्यंत न्यायचा. पोरगं विचारणार, "मामा, याला काय म्हणतात?" की हे वाक्य आलंच. माझ्या तासाला नेमकं उलट व्हायचं. मी नाव फळ्यावर लिहायचो, पोरं ते वहीत उतरवायची आणि बघायचं राहूनच जायचं.

नव्वदच्या दशकात मी दिंडोरीच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. नाशिकहून रोज एसटीने जायचो. मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. शिक्षण नववीपर्यंत. गावालगत भावाबरोबर थोडी द्राक्षबाग होती. सकाळी बागेत फवारणी करून, हाताला औषधाचा वास घेऊनच कामावर यायचे.

तर सांगूनच टाकतो. मी या माणसावर जळायचो. तुमच्याही कचेरीत किंवा शाळेत असा एकजण असेल. हुद्दा तुमच्या खालचा, पण कोणाचं अडलं की पावलं त्याच्याकडे वळतात. अशा माणसाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. जळणारेही तेवढेच असतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

पहिली ठिणगी हाडांवरून पडली. बारावीला उत्क्रांतीचा धडा होता. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांचे पुढचे पाय, हात, पंख एकाच मूळ आराखड्यावर बेतलेले आहेत, हा उत्क्रांतीचा मोठा पुरावा. मी 'होमॉलॉगस ऑर्गन्स'ची व्याख्या तीनदा सांगितली, दोनदा लिहून दिली. पोरांचे चेहरे कोरेच.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला गेलो तर टेबलाभोवती ही गर्दी. मामांनी ट्रेमध्ये तीन हात मांडले होते. शेळीचा पुढचा पाय, कोंबडीचा पंख आणि वडाखाली मरून पडलेल्या वटवाघळाचा पंख. घरी उकळून, खरवडून, उन्हात वाळवून आणलेले. "वर एक," ते म्हणत होते, "खाली दोन. मग बारके बारके. मग बोटं. आता आपापला हात चाचपा." पोरं दंड चाचपायला लागली. एक मुलगी म्हणाली, "मामा, शेळीला खाली एकच हाय."

"नीट बघ. दोन चिकटल्यात. ती फट कशाची हाय?"

मुलीने नखाने फट चाचपली आणि ओरडलीच. मी दारात उभा होतो. शिक्षकाला आनंद व्हायला हवा, नाही का? मला राग आला. मी म्हणालो, "मामा, वास येतोय. खिडक्या उघडा." वास अजिबात येत नव्हता.

परीक्षेत निम्म्या पोरांनी माझी व्याख्या सोडून 'वर एक, खाली दोन' असंच लिहिलं. मी अर्धा-अर्धा मार्क कापला.

खरी आग लागली ती पुढे. नैसर्गिक निवड शिकवताना मी जवळचं उदाहरण घेतलं. दरवर्षी उन्हं तापली की बागांवर लाल कोळी पडतो. सुईच्या टोकाएवढा किडा, पानाखाली बसून रस शोषतो. शेतकरी औषध मारतात, पहिल्या वर्षी तो मरतो, पाचव्या वर्षी मरत नाही. मी ऐटीत म्हणालो, "कारण त्याला औषधाची सवय होते." मामा मागे काचा पुसत होते. वर्गात काही बोलले नाहीत. पोरं गेल्यावर जवळ आले.

"सर, एक इचारू? सवय व्हायला जगावं तं लागंल ना? जो मेला त्याला कसली सवय?"

"मग उरतात ते कसे?"

"ते आधीपासूनच येगळे असत्यात. लाखात चार-दोन. औषध फक्त बाकीच्यांना काढून टाकतं. मग पिल्लं व्हत्यात ती उरलेल्यांनाच. आपुन औषध मारून मारून त्यांचंच बेणं राखतो, सर."

डार्विनची सगळी गोष्ट या माणसाने हातातलं फडकंही खाली न ठेवता सांगितली होती. मी म्हणालो, "ठीक आहे, त्या परीक्षानळ्या राहिल्यात धुवायच्या." घरी जाऊन पुस्तक उघडलं. पुस्तकात मामांचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक सुधारली, पण कोणामुळे ते सांगितलं नाही.

हे त्यांना कळलं कसं, तर बघून. कॉलेजातलं जुनं भिंग ते रविवारी मागून न्यायचे आणि फवारणीच्या आधी आणि नंतर ठरावीक पानांखालचे कोळी मोजायचे. शिवाय बागेतली एक ओळ ते कधीच फवारायचे नाहीत. भाऊ चिडायचा, त्या ओळीचे घड डागाळायचे. गावात तर चेष्टाच चालायची की मामांनी कोळ्यांना रेशनकार्ड काढून दिलंय. मामा सगळ्यांना तेच सांगायचे, "अहो, त्या ओळीत साधे कोळी जगत्यात. ते ह्या चिवटांत मिसळले तं पिल्लं औषधाने मरतील. सगळ्यांनी एकेक ओळ सोडा, औषध दहा वर्षं जास्त चालंल." कोणी ऐकायचं नाही. फवारणी करणाऱ्या गड्याचं कोण ऐकतं, आणि प्रयोगशाळेतल्या मामाचं तरी कोण?

मग त्यांनी प्रयोगशाळेत एक प्रयोग केला. दोन काचेच्या डिश घेतल्या. एकीत सोडलेल्या ओळीतली पानं, दुसरीत फवारलेल्या ओळीतली. दोन्हींवर एकच औषध, एकच मात्रा. दुसऱ्या दिवशी पहिल्या डिशमधले जवळजवळ सगळे कोळी मेलेले आणि दुसरीतले खुशाल हिंडताहेत. त्या दिवशी माझी एसटी ढकांब्याजवळ बंद पडली. मी पोचलो तोवर अख्खी बारावी भिंगातून बघून झाली होती, प्राचार्यही बघून गेले होते. "सर, तुम्ही हुकलात," एक पोरगा म्हणाला. त्या पोराचं नाव मला अजून आठवतं, इतकं ते लागलं.

महिन्याभरात बागायतदारांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. मेळावा भरवणारे बुजुर्ग, अण्णा म्हणायचे त्यांना, स्वतः कॉलेजात आले. "औषधं चालंनाशी झाल्यात सर, का ते शास्त्रातून सांगा." मला नाही म्हणायचं सुचलंच नाही.

मी बोललो. छान बोललो, खोटं कशाला सांगू? आणि भाषणाच्या भरात म्हणालो, "मी माझ्या प्रयोगशाळेत दोन डिश घेतल्या." मी. माझ्या. सभा अशी स्तब्ध ऐकत होती की मला त्या दोन शब्दांची लाज वाटायला सवडच मिळाली नाही. शेवटी सांगितलं, एकच औषध वारंवार मारू नका, बदलून मारा. टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाला. मामा सगळ्यात मागच्या रांगेत भावाशेजारी बसले होते.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. खरं सांगू, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. निदान तेवढ्यापुरता तरी तो माझ्याएवढा झाला असता. पण मंडपाबाहेर ते माझी वाट बघत उभे होते.

"सर, लय भारी सांगितलं. एकच राह्यलं. ओळ सोडायचं राह्यलं."

खरंच राहिलं होतं. डिशचा चमत्कार मी उचलला होता, ओळ मात्र माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती.

"मग तुम्ही उठून का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत व्हता ना," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं, सापडला नाही.

स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं असताना मामा काविळीने गेले. शोकसभेला जुन्या बॅचची पोरं आली. कोणी कांद्याच्या मार्केटमधून, कोणी मुंबईहून रजा काढून. वर्ग पुरेना, पोरं व्हरांड्यात उभी राहिली. माझ्यासाठी इतकी येतील का, असा विचार मी तिथे बसून करत होतो. मेलेल्या माणसावरही जळता येतं, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी अण्णांनी पुन्हा मेळाव्याला बोलावलं. या वेळी मी मनाशी ठरवून गेलो. उभा राहिलो आणि पहिल्यांदा तेच बोललो, "मागं ज्या दोन डिश मी माझ्या म्हणून सांगितल्या, त्या माझ्या नव्हत्या. तो प्रयोग मामांचा होता."

मला वाटलं, मंडपात कुजबुज होईल. कोणीही दचकलं नाही. अण्णा समोरच बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "ते आम्हाला ठाव हाय, सर. तुम्हाला बोलवा म्हणून मामाच आमच्या मागं लागला व्हता. म्हणला, ओळ सोडा म्हणून मी बोंबलतोय तं तुम्ही हसताय. सरांनी सांगितलं तं ऐकाल. एवढं सरांच्या तोंडून वदवून घ्या."

 मामांपुढे एकदाच मी जिंकलो असं मला वाटलं होतं, आणि तो फडही त्यांनीच मला मांडून दिला होता. ज्या एका वाक्यासाठी मांडला, तेच मी विसरलो होतो. मग मी ओळीचं सांगितलं. साधे कोळी, चिवट कोळी, त्यांची मिसळण, सगळं. या खेपेला कोणी हसलं नाही. सगळं सांगून झाल्यावर एक तरुण बागायतदार वही घेऊन उभा राहिला.

"सर, सोडतो आम्ही. पण ओळ कोणती सोडायची? कडंची का मधली? वाऱ्याच्या अंगाची का उलटी?"

सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मामांबरोबर काढली, पण त्यांच्या बागेत मी एकदाही गेलो नव्हतो.