यमुनाने पुरलेला तांब्याचा पत्रा

सूनबाईचा फोन आला तेव्हा मी फुलबाजारात शेवंतीच्या जाळ्यांपाशी उभा होतो. "आबा, आई गेल्या," एवढंच म्हणाली. आणि मी काय विचारावं? "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, मी इथंच आहे, माझ्यासमोर गेल्या. तरी घरी पोचेपर्यंत मी खरं मानलं नाही. स्वभावच तसा. वजनाचा काटा, दुकानदार, डॉक्टर, सख्खा भाऊ... आधी संशय, मग बाकीचं. अशा माणसासोबत यमुनाने चाळीस वर्षं काढली. तिला जाऊन आता दोन महिने होतील. मी सातवी नापास माणूस, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

मखमलाबादकडे आमचा मळा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला तिच्या भावाने मुंबईहून तिला गाण्याचं मशीन आणून दिलं. अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि कमरेएवढ्या दोन स्पीकरच्या पेट्या. दुपारी फुलं तोडून झाली की ती हातपाय धुऊन त्याच्यासमोर बसायची. मध्ये कोणी चहा मागायचा नाही. पण पेट्यांतून सारखी घूंऽ अशी घरघर यायची, गाणं हळू झालं की जास्तच. मला गाण्यातलं काही कळत नाही. घरघर मात्र कळली, कारण तिच्यात मला चोर दिसला. शेजारच्या मळेवाल्याने वीज चोरायला आमच्या लाइनवर आकडा टाकलाय, हे मी धरूनच चाललो. काठी घेऊन खांब न खांब फिरलो. आकडा सापडला नाही, तेव्हा वाटलं, बेटा मला बघून काढून ठेवतो. त्याच्याशी बोलणं बंद केलं. स्टॅबिलायझर आणला तरी घरघर तशीच, म्हणून दुकानदाराशी भांडलो. यमुना म्हणाली, "आता तो खांबच राहिलाय, त्याच्याशी पण भांडून या."

मग एक दिवस मी कामाने पिंपळगावला गेलो आणि परत येऊन बघतो तर घरघर बंद. विचारलं तर म्हणाली, लाइन सुधारली असेल. लाइन अशी आपोआप सुधारते? दोन दिवस पेट्या गप्प होत्या, आणि त्या गप्प का, हेच माझ्या डोक्यात बसलं. तिसऱ्या दिवशी देवळ्याहून थोरली बहीण आली. घरामागे फिरताना तिला भिंतीकडेला नवी माती दिसली, वर मीठ सांडलेलं, कोळशाचे तुकडे. आक्काने मला बाजूला घेतलं. "भाऊ, मीठ नि कोळसा पुरलाय. कुणीतरी करणी केलीय घरावर." यमुना शेवंतीत होती. मी फावडं घेतलं. छातीएवढं खणल्यावर तांब्याचा पत्रा निघाला, त्याला वायर. ती वायर घराकडे जाताना बघून तर खात्रीच पटली. वायर तोडली, पत्रा पोत्यात घातला आणि थेट नदीत सोडून आलो.

ती मळ्यातून आली, मशीन लावलं, घरघर सुरू. उठून मागे गेली, खड्डा बघितला. मला वाटलं आता तोंड सोडेल. तिने माझ्या पायातल्या चपला काढायला लावल्या आणि मला मशीनपुढे उभं केलं.

"हात लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना."

अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला बोटं टेकली तशा कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी हात झटकला.

"चार महिने मला रोज लागतंय हे," ती म्हणाली. "निवृत्ती वायरमन बोलला, घराला अर्थिंगच नाय. प्लगाचं तिसरं भोक नुसतं शोभेला. मीठ-कोळशाने माती ओली राहते, करंट पत्र्यातून खाली उतरतो. घरघर पण अर्थिंग नसल्याचीच."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर खणू दिलं असतं? आधी निवृत्तीचं कमिशन शोधलं असतं तुम्ही."

खरं होतं, तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आणला, खड्डा मी खणला. निवृत्ती काठावर उभा राहून हसत होता. घरघर गेली ती गेलीच.

माझी खोड तेवढी राहिली. मागच्या वर्षी तिला धाप लागायची म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. मी तिथेच विचारलं, यात तुमचं किती? आणि तिला उठवून घरी आणलं. पुढे कधी विचारलं तर म्हणायची, बरं आहे आता. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, आणि तिच्या त्या 'बरं आहे'वर तेवढा घेतला नाही... तेराव्यानंतर सूनबाईने सांगितलं. आईंच्या छातीत चार-पाच महिने दुखत होतं. म्हणायच्या, आबांना सांगू नको, आधी डॉक्टरशी भांडतील.

मशीन अजून चालतं. दुपारी सूनबाई यमुनाच्या कॅसेटी लावते आणि मी यमुनाच्या जागी बसतो. परवा गाणं चालू असताना सूनबाई मध्येच भिंतीला टेकली. मी विचारलं, काही होतंय का? "नाही आबा, बरं आहे." मला खरं वाटलं नाही. पण जास्त खोदलं नाही. मशीन बंद केलं आणि सरकून तिला बसायला जागा केली. पेट्यांतून काहीच आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आबा, पाठीत कळ येते अधूनमधून."

मी चपला घातल्या. म्हटलं, "चल दवाखान्यात. मी बाहेर बसतो."