दादानं मांडून ठेवलेली चूल

महेशचा फोन आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीत ज्वारी दळायला उभी होते. आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर रस्त्यावर आले, तर तो एवढंच म्हणाला, "आत्या, अण्णा गेले... पहाटे, झोपेतच." महेश हा माझ्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. माझा भाऊ, ज्याला सगळं मुरुम गाव गुरुजी म्हणायचं आणि मी दादा, मागच्या वर्षीच पुण्याला त्याच्याकडं राहायला गेला होता. मी आत जाऊन पिठाचा डबा उचलला, घराकडं निघाले, आणि पाय आपोआप दादाच्या गल्लीत वळले. तो तिथं नाही हे माहीत असून वळले. भाऊ गेला की बहिणीचं माहेर संपतं म्हणतात. मला तर दादाचं ते घर होईपर्यंत माहेर म्हणून दाखवायला एक भिंतसुद्धा नव्हती.

आमचे आईबाप मेंढरं घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि जो शेतकरी बोलावील त्याच्या रानात मेंढरं बसवायची. कळप बसला की रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी मिळायची, मग पुढचं रान. आईचा एक नेम होता. मुक्काम हलवताना ती चुलीचे तीन दगड कधी पाडायची नाही. राख काढायची, दगड पदरानं पुसायची आणि वर दोन गोवऱ्या ठेवायची, मागून येणाऱ्याला लागतात म्हणून. कोण येणार, कधी येणार, देव जाणे. एकदा नळदुर्गच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं भांडण काढून आम्हाला भर दुपारी रानातनं उठवलं. दादा तेव्हा पोरसवदा होता. रागाच्या भरात त्यानं जाता जाता चुलीला लाथ घातली. पुढच्या मुक्कामाला पोचल्यावर आई म्हणाली, "जा, मांडून ये. माणूस वाईट असंल, जागेनं तुझं काय केलंय?" दादा तसाच उन्हात माघारी गेला. मीही त्याच्या मागं गेले, कारण तो रडतो का ते मला बघायचं होतं. रडला नाही, पण दगड मांडताना बोट चेंगरून घेतलं, आणि त्यावरनं मी त्याला म्हातारपणापर्यंत चिडवलं.

पुढं तो वसतिगृहात राहून शिकला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला आणि मुरुमात बाजारापासून जवळच तीन खोल्यांचं घर बांधलं. आमच्या घराण्यातलं पहिलं पक्कं घर ते. माझं पहिलं बाळंतपण तिथंच झालं. वहिनी गेल्यावर दादा तिथं एकटाच राहायचा, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचा आणि कुणी कीव केली की अंगावर जायचा. पण न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याचा इलाज खुंटला. महेश म्हणाला, अण्णा, आता पुण्यालाच चला. तिथवर ठीक होतं. खरा प्रश्न होता तो घराचा.

महेशचं म्हणणं, विकून टाकू. एका आडत्याला ती जागा गोदामासाठी हवी होती, तो रोज फोन करत होता. माझं म्हणणं, कुलूप लावू, मी दोन गल्ल्या सोडून राहते, आठवड्याला झाडून काढीन. दादा वॉकरला धरून खुर्चीत बसला होता. दोघांचं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "विकायचं न्हाय. अन् कुलूपबी लावायचं न्हाय. मेंढरं बसली न्हाईत तर रान खंगतंय, माणूस बसलं न्हाय तर घर. भाड्यानं द्यायचं." महेशनं डोक्याला हात लावला. लांबून भाडेकरू कोण सांभाळणार, घर सोडलं नाही तर काय, रंग कोण देणार... पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. पण दादाचा एकदा नन्ना आला की ब्रह्मदेव खाली आला तरी उपयोग नसायचा.

आणि भाडेकरू कोण निवडला म्हणता? चांगले नोकरदार विचारायला येत होते, ते सोडून त्यानं सावित्राला घर दिलं. सावित्राचा नवरा मेंढरं घेऊन फिरतो. पोरांच्या शाळेसाठी ती गावात राहायला बघत होती, आणि मेंढपाळ म्हटलं की कुणी तिला दारात उभं करत नव्हतं. वास येतो, कुत्री असतात, नवरा आला की अंगणात मेंढरं आणील... सगळ्यांची तीच रड. दादानं तिला ना भाड्याचं विचारलं, ना आगाऊ रकमेचं. "चूल कुठं मांडशील?" एवढंच विचारलं. ती बिचारी घाबरली. "आत गॅसच वापरीन, गुरुजी. पर पाणी तापवायला मागं शेवग्याखाली मांडू का? धूर भाईर जाईल." दादा माझ्याकडं बघून असा हसला की मी म्हटलं, झालं, आता काही खरं नाही. निघायच्या आदल्या दिवशी वॉकर बाजूला ठेवून, माझ्या खांद्याला धरून तो परसात गेला. त्यानं दाखवायचं आणि मी दगड उचलायचे. नीट मांडून झाल्यावर म्हणाला, "सखू, गोवऱ्या?" मी म्हटलं, "खुबा मोडला तरी हुकूम न्हाय मोडला तुझा." पण आणल्या. तोंडानं काही म्हणा, मला तेव्हा लई भरून आलं होतं.

पुण्याहून दर रविवारी त्याचा फोन यायचा. माझी तब्येत नंतर. आधी, "चूल पेटली का गं?" मी चिडवायचे, "अरे, भाडं आलं का ते इचार की." त्यावर तो खळखळून हसायचा. मग मी परसात जाऊन आल्याचं सांगायचे. सावित्रानं अळू लावलंय, तिची पोरगी शेवग्याखाली अभ्यासाला बसते, नवरा येऊन गेला पण मेंढरं गावाबाहेरच ठेवली. तो सगळं ऐकून घ्यायचा. पुण्यात त्याला काही कमी नव्हतं, सून लाखात एक. पण त्या एका फोनासाठी तो सकाळपासून तयार होऊन बसतो असं तीच मला सांगायची.

तेरावा पुण्यालाच झाला. त्यानंतर महेशनं कळवलं की तो मुरुमला येतोय, घराचा सोक्षमोक्ष लावायला. आडत्या आधीच येऊन बाहेरून भिंती मोजून गेला होता. मी ठरवूनच टाकलं, उंबऱ्यात बसायचं आणि उठायचंच नाही. दादा गेला म्हणून त्याचा शब्द गेला नाही. रक्ताचा भाचा असला तरी चार गोष्टी सुनवायच्या. पाठ करूनच गेले होते म्हणा ना.

पण महेश आला आणि आम्ही आत गेलो तर घर मोकळं. भांडी पोत्यात बांधलेली, फरशी पुसलेली, सावित्रा पोरांना घेऊन भिंतीला टेकून उभी. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं, मोजमाप घेताना बघितलं तेवढं तिला पुरे झालं होतं. महेश खोल्या बघत मागच्या दारानं परसात गेला. शेवग्याखाली तीन दगड होते, राख काढून स्वच्छ पुसलेले, आणि त्यावर दोन गोवऱ्या. महेशचा जन्म पक्क्या घरातला, तो कधी एका मुक्कामाला राहिलेला नाही. पण नळदुर्गची ती गोष्ट बापाच्या मांडीवर बसून ऐकलेली. त्यानं मागोमाग आलेल्या सावित्राला विचारलं, "हे अण्णांनी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"न्हाय वं," सावित्रा म्हणाली. "आमच्यात तसंच असतंय. मागनं येणाऱ्याला लागतंय न्हवं."

माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. महेश दगडांसमोर उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा रडला, पुण्यात तेरा दिवस रडला नव्हता तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंड पुसून त्यानं आडत्याला फोन लावला. "घर द्यायचं नाही. आत बिऱ्हाड आहे." तेवढंच. मग सावित्राला म्हणाला, "वहिनी, पोती सोडा. आणि चहा ठेवा, इथंच." सावित्रानं त्याच गोवऱ्या मोडून चूल पेटवली. धुरकट चहा होता, साखर जास्त. आम्ही तिघांनी तो परसातच बसून प्यायला.

परवा रविवार होता. सकाळी फोन वाजला आणि सवयीनं माझा हात धावला, मग आठवलं आणि जागीच थांबला. वाजतच राहिला तेव्हा उचलला. महेश होता. हळूच म्हणाला, "आत्या... चूल पेटली का?"

मी चप्पल घातली आणि बघायला गेले.