अर्धंच मीठ

माझ्या हाताला चव आहे असं गावाकडं सगळे म्हणायचे. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा मिरवण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं. हे सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला, आणि आमचं घर पर्वत पाटियाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. मिलमधल्या तपासणीत ह्यांचं प्रेशर फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मला समोर बसवून सांगितलं, स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणा, पापड-लोणचं बंद करा. जास्तीचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, नसांवरचा दाब वाढतो आणि हृदयाला रोज जास्त जोर लावावा लागतो. मी मान डोलावली.

आठवडाभर मी खरंच निम्मं मीठ टाकलं. मग गावाहून दीर आणि जाऊबाई आले. मी वांग्याचं भरीत केलं. दिरांनी पहिला घास घेऊन ताट थोडं पुढं सरकवलं.

"वहिनी, सुरतले मीठ भेटत नही का?"

जाऊबाई हसल्या. मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नव्हतं, पण मला लागलं. दुसऱ्या दिवशी मीठ पहिल्यासारखं पडलं, आणि पाहुणे गेले तरी ते कमी झालं नाही. हे जेवायला बसले की विचारायचे, मीठ किती. मी सांगायचे, अर्धंच टाकते. एकदा भाकर मोडता मोडता म्हणाले, "कमी मीठमा बी तुन्हा हातले केवढी चव शे." तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी त्यांना आणखी एक भाकर वाढली.

ह्यांनी मिलमध्ये माझं कौतुक करून ठेवलं होतं. त्यांच्या एका सोबत्यालाही प्रेशर होतं, त्याची बायको माझ्याकडं कमी मिठाचा स्वयंपाक शिकायला आली. मी तोंडाला येईल ते सांगत गेले: लिंबू पिळायचं, लसूण जरा जास्त, भाजलेल्या तिळाचा कूट. तिनं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. दोन-तीन महिन्यांनी ती पपई घेऊन आली. नवऱ्याचं प्रेशर उतरलं म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. तिनं मीठ खरंच निम्म्यावर आणलं होतं.

ह्यांचं मात्र चढतच होतं. एकाच्या दोन गोळ्या झाल्या, मग डॉक्टरांनी किडनीच्या तपासण्या करायला लावल्या. दर खेपेला डॉक्टर मिठाचं विचारायचे आणि माझ्या आधी हे स्वतःच उत्तर द्यायचे, की आमच्या घरी सगळं मोजूनमापून असतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायचे.

एका रविवारी दुपारी हे दळण घेऊन वर येत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसले. मी खाली धावले तर छाती भात्यासारखी चाललेली, बोलता येत नव्हतं. चपला काढल्या तेव्हा सुजलेल्या पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ होते. रिक्षात घालून त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. हृदयाची भिंत जाड झाली आहे, अंगात पाणी साठलंय, असं तिथं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं जेवण आलं. ह्यांनी डाळीचा एक घास घेतला, थांबले, पुन्हा एक घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हाई जर कमी मीठ शे, तर घरनं काय व्हतं?"

मी सगळं सांगितलं. दिरांचं बोलणं, रोजचं खोटं, ती पपईसुद्धा. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चमचा ठेवला आणि ताट बाजूला सारलं.

"डॉक्टरले तूच सांग," एवढंच म्हणाले.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा शेजारच्या दोन्ही खाटांवरचे लोक जागे होते. माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर रागावले नाहीत. हातातले कागद चाळत हळूच म्हणाले, मग एवढे दिवस मी ह्यांच्या किडनीत काय शोधत होतो? मला जमिनीनं गिळावं असं झालं.

आता प्रेशर बरंच ताब्यात आहे, एक गोळी कमीही झाली. हृदयाची भिंत पहिल्यासारखी होईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मिल सुटली नाही, पण जड काम बंद झालं. त्या बाईकडं जाऊन खरं सांगायचं माझ्याच्यानं अजून झालेलं नाही.

हे मला कधी टाकून बोलले नाहीत, गावाकडंही त्यांनी काही कळवलं नाही. मीठ किती, हे मात्र आता विचारत नाहीत. भाजीला फोडणी पडली की उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. मी त्यांना दिसेल असा चमचा वर धरते, मग टाकते.