मामाच्या सत्कारात लंका बोलली

लंका सात वर्षांची असताना तिचा बाप वारला. आई सोनई गावात दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. बेलापूरजवळच्या वाडीतला रंभाजी मामा शाळामास्तर होता. पोरगी माझ्याकडं दे, शिकवून शहाणी करतो, असं तो म्हणाला आणि आईनं लेकरू त्याच्या हवाली केलं.

शाळा पहिल्या पावसाळ्यातच सुटली. मग शेणपाणी, धुणीभांडी आणि मामाची पोरं सांभाळणं. जरा काही चुकलं की मामा तिला सरपणाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायचा. पण मार आणि अंधारापेक्षाही लंकाच्या काळजात रुतलं ते वेगळंच. आई भेटायला आली की मामा तिला ओट्यावरूनच परत लावून द्यायचा. पोरगी रमलीय, तूच नको म्हणती, असं सांगायचा. त्या वेळी लंका सरपणाच्या खोलीत कोंडलेली असायची, आतून आईचा आवाज ऐकायची. ओरडलं तर पुढं काय होईल हे ठाऊक असल्यानं ओठ चावून गप्प बसायची. लेक आपल्याला विसरली असं धरूनच आई पुढं खंगून वारली.

शेजारच्या बायडाबाईला मात्र पोरीचं दचकणं दिसत होतं. ती पाटाच्या कडेची ब्राह्मी खुडून तुपात परतायची आणि भाकरीवर घालून कुंपणावरून द्यायची. पाला कडवट लागायचा, पण लंकाला त्या रात्री झोप यायची. मामाला हे कळलं. माझ्या घरात हिला खायला मिळत न्हाई का, म्हणून त्यानं बायडाबाईचा चारचौघांत पाणउतारा केला आणि कुंपणावर बाभळीचे काटे रचले. तेवढा घासही तुटला.

लग्नानंतर लंका नगरला आली. नवरा नागापूरच्या कारखान्यात होता, ती औषधशास्त्राच्या एका कॉलेजात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे सांभाळायला लागली. काम तिला आवडायचं. फक्त मागून कुणी हाक मारली की हातातलं भांडं निसटायचं. लोक हसायचे, तीही हसायची. आपण जातीच्याच भित्र्या, असं तिनं मानून टाकलं होतं.

पंचाण्णव साली कॉलेजातल्या विजयमाला मॅडमनी नवा प्रयोग मांडला. उंदरांची तान्ही पिल्लं रोज काही वेळ आईपासून काढून वेगळी ठेवायची आणि त्यातल्या निम्म्यांना ब्राह्मीचा अर्क पाजायचा. पिल्लं उचलायचं काम लंकाचं. मादी पिंजऱ्याची जाळी कुरतडत राही, तेव्हा लंका तिकडं पाठ करी. पिल्लं मोठी झाल्यावर मॅडमनी त्यांना मोकळ्या पेटीत सोडलं. आईपासून नुसती तोडलेली पिल्लं कोपरा धरून बसली. ब्राह्मी मिळालेली बरीचशी बाहेर येऊन हुंगत फिरू लागली.

लंकानं विचारलं, माणसाचं बी असंच हुतं का? मॅडम म्हणाल्या, लहानपणीचा धसका माणसाच्याही अंगात मुरतो. ब्राह्मीनं माणसाला किती उतार पडेल, ते मात्र अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी पिंजरे धुताना लंका तेच घोळवत राहिली. म्हणजे हे भित्रेपण तिचं नव्हतं, कुणीतरी तिच्यात घातलं होतं. वर त्यावर उतारा पडणारा बायडाबाईचा पालाही मामानंच बंद केला होता. आजवर तिला मामाची भीती वाटत होती. आता तिला तो समोर हवा होता.

संधी मामानंच धाडली. मामाला दादा म्हणणारा त्याचा मुलगा पंकज नगरला आला. दादांचा गावात सत्कार आहे, अनाथ भाचीला त्यांनी वाढवलं म्हणून, तर ताई, तू दोन शब्द बोल, असं म्हणाला. 'अनाथ' हा शब्द लंकानं मनात धरून ठेवला. मग येते म्हणाली, आणि नेसायला चांगलं लुगडं काढलं.

मारुतीच्या पारासमोर मांडव भरला होता. मामा शाल पांघरून खुर्चीत बसला होता. लंकाला माइकसमोर उभं केलं तेव्हा तिनं मामाकडं तोंड केलं.

"मी अनाथ नव्हते," ती म्हणाली. "माझी आई जित्ती हुती. ती दारात यायची आन् हे तिला सांगायचे, पोरगीच तुला नको म्हणती. मी आत कडीत हुते. मामा, हे खोटं असंल तर हितंच सांगा."

मामा शालीचा काठ चाळवू लागला. मागच्या रांगेतून म्हातारी बायडाबाई काठी टेकत उठली आणि म्हणाली, पोरगी खरं बोलती. मग सरपणाची खोली, काटे, सारं लंकानं सावकाश सांगितलं. लोक एकेक करून उठले, हार टेबलावरच राहिले.

मामी कलाबाई रडत आडवी आली. सांगायचंच होतं तर घरात सांगायचं, म्हणाली.

"घरातच झालं ना सगळं," लंका म्हणाली आणि एसटीकडं चालू लागली.

त्यानंतर मामा पारावर दिसला नाही. वर्षभरानं अंथरुणाला खिळला, तेव्हा पंकजनं दोनदा निरोप धाडला, दादा तुझं नाव घेतात. लंका गेली नाही. मॅडमनी एकदा विचारलं, आता तरी मन निवलं का? दचकणं काही गेलं नव्हतं. भांडी अजून हातातून पडत होती.

"निवलं न्हाई," ती म्हणाली. "पर त्याचं बी निवू दिलं न्हाई."