तूबा खानमच्या झोपेचे आकडे

नेमतआगाला तूबा खानम कितीशी माहीत होती? दहा दिवस, रोज वीस मिनिटं, एवढीच. इस्फहानच्या एका दवाखान्यात तो मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रोग्यांच्या डोक्यावर बसवायचा, पट्टा आवळायचा आणि डबीचं बटण दाबायचा. मंद वीज आत जाई, जेमतेम मुंग्या आल्यासारखी. तूबाला एम.एस. होता. नसांवरचं आवरण झिजत चाललेलं, गालिचे रफू करणारी बोटं बधिर झालेली. पण तिचं मागणं बोटांचं नव्हतं. तिला झोप हवी होती.

ती दारात दिसली की नेमत एका दमात विचारायचा, "सलाम खानम, तब्येत? घरचे? झोप?" ती म्हणायची, देवाची कृपा, सगळं छान. तो कागदावर झोपेपुढे दहापैकी आठ लिहायचा, कधी नऊ.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी आकडे पाहिले. गुण आला नाही त्यांनाच आणखी दहा दिवस वीज मिळणार होती. तूबाचं नाव गुण आलेल्यांत गेलं. तिनं ते ऐकलं आणि पिस्त्याच्या मिठाईचा डबा नेमतपुढे ठेवला.

तीन आठवड्यांनी तिची बहीण अख्तर कागद न्यायला आली. तूबा गेली होती. भरदुपारी जिना उतरताना बहुधा उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला होता.

"पण त्यांना तर झोप येत होती," नेमत म्हणाला.

"एक रात्र नाही झोपली, आगा. भला माणूस एवढा खपतोय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणू, म्हणायची. तिचं जाऊ द्या. यमदूत आला असता तरी तिनं त्याला आधी चहा विचारला असता. तुम्हीही इथलेच ना? तुम्हाला कळू नये?"

त्याला कळत होतं. दारातली विचारपूस हा सलामाचाच भाग. त्या विचारपुशीला खरं उत्तर कुणी देत नाही, तोही देत नसे. खुर्चीत बसवून, कागद पुढ्यात घेऊन त्यानं पुन्हा एकदा विचारायला हवं होतं.

तूबाच्या त्या शेवटच्या, दहाव्या दिवशी त्यानं पट्टा सोडला होता, तिच्या कपाळावरचं खारं पाणी पुसलं होतं. ती बुरख्यासारखी पांघरलेली चादर सावरत उठली.

"तुमचे हात दुखू नयेत, आगा," तिनं रीतीप्रमाणे आभार मानले.

"तुमचं डोकं दुखू नये, खानम," तो रिवाजाप्रमाणे म्हणाला.