अक्कांचा काढा आणि माझी अळंबी

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी अळंबी लावायचं प्रशिक्षण घेऊन आले आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची मागची खोली मागितली. सासरे, म्हणजे नाना, म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पीक दाखव, खोली तुझी. नाही तर तिथे माझी स्कूटर." त्या भरल्या घरात माझी म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती. मी लगेच हो म्हटलं.

सासूबाई एरंडोलकडच्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. "कुत्रानी छत्री कोनी घरमा पेरस का?" एवढं विचारून त्या गप्प बसल्या. अक्का गप्प बसल्या की मला धास्ती वाटायची.

गव्हाचं काड पिंपात भिजवून, उकळून मी त्यात बियाणं पेरलं आणि पिशव्या टांगल्या. पंधरा-वीस दिवसांत आत पांढरी बुरशी पसरायला हवी होती. पिशव्या ढिम्म. बियाणं विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत मी दुसरं आणलं, पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. शेवटी मूठभर काड घेऊन शिकवणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी एक काडी चावली आणि तोंड वाकडं केलं.

"कडुलिंब?"

आमच्याकडे गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला, गोवर आला की उशाशी पाला. घरी येऊन विचारलं, तर अक्कांनी शांतपणे सांगितलं, "काडले कीड लागी जाई म्हनीसन पिंपमा काढा मीच टाकेल शे. पातेलंभर. दोन्ही येळले."

सरांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, "अळंबी ही बुरशीच हो. चमचाभर काढा कदाचित चाललाही असता. जास्त झाला की तो घरची बुरशी आणि बाहेरची बुरशी असं बघत नाही."

रागानं मी दोन दिवस अक्कांच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, म्हणून घेतला. संक्रांतीआधी तिसऱ्यांदा पेरून पीक काढण्याइतका वेळ आता उरला नव्हता.

संक्रांतीला तिळगूळ खाऊन नाना स्कूटर ढकलत मागे आले. खोलीच्या दारात अक्का पाट टाकून बसल्या होत्या. नानांपुढे त्यांनी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"स्कूटर बाहेरच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पीक मी मारं, तिनी नही. खोली तिनीच शे."

नानांनी स्कूटर वळवली आणि अंगणाकडे ढकलत नेली. मी अक्कांशेजारी उंबऱ्यावर बसले आणि मला रडूच कोसळलं.