किनुयोनं टाकीचं बूच उपसलं त्याची गोष्ट

किनुयो हाताए आमच्या हामाशिरोत सून म्हणून आली ती खालच्या बंदरावरनं. बाप मासे विकायचा. बंदर आमच्यापासनं हाकेवर, पण आम्ही पडलो फुलवाले. बंदरावरची पोरगी म्हणजे तोंडाची फाटकी, हे आमच्या म्हाताऱ्यांनी ती यायच्या आधीच ठरवून ठेवलेलं. किनुयोनं ते खोटं पाडायची तसदी कधी घेतली नाही.

फुलं लावणारी आमची बारा घरं. अॅनिमोनी आणि रॅननक्युलस, दोन्ही कंदातनं येणारी. ऐन थंडीत बाजार रिकामा असतो तेव्हा आमचा माल गेला पाहिजे, तर त्याला दर. त्यासाठी कंदाला सप्टेंबरातच जागं करावं लागतं. बाहेर अंगाची काहिली होत असते आणि कंदाला मात्र आम्ही सांगत असतो की बाबा रे, थंडी आली, ऊठ. त्याला गारव्यात ठेवायचं, हळू ओल द्यायची, मोड आणायचे आणि उन्हाचा कडाका उतरला की मोडासकट वाफ्यात लावायचं. मोड न आणता लावला तर गरम मातीत तो कुजतो तरी, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत घोरत पडतो.

हा कंद दिसायला काही देखणा नाही. अॅनिमोनीचा म्हणजे शेळीची लेंडी वाळून चपटी झालेली. रॅननक्युलसचा म्हणजे वाळका, पाय आखडलेला कोळी. हातात घेतला की वाटतं, ह्यात काय जीव असणार. जीव असतो, पण उतावळ्याला सापडत नाही.

किनुयोची रीत सगळ्यांहून निराळी होती. सासूनं तिला काही शिकवलं नाही; सासूबाई सुनेला शिकवण्यापेक्षा सुनेचं चुकताना बघण्यात जास्त रमायच्या. मग किनुयोनं माहेरचं वापरलं. ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, आमच्याकडं वाळका कॉड शिजतो. लाकडाच्या ढलप्यासारखा मासा. तो चार-पाच दिवस गार पाण्यात ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, तेव्हा कुठं नरमतो. किनुयोचं म्हणणं, "वाळक्या जिवाला घाई केली की तो वरनं बुळबुळीत होतो आन् आतनं दगड राहतो. मासा काय, कंद काय."

म्हणून ती कंद पाण्यात बुडवायचीच नाही. लाकडाचा भुसा भिजवायचा, मुठीत पिळायचा, थेंब गळायचा थांबला की तो भुसा माशाच्या पांढऱ्या खोक्यात पसरायचा. त्यावर कंद, वर पुन्हा भुसा. ती खोकी भावाच्या जुन्या मासळीच्या फ्रीजमध्ये. दहा-बारा दिवसांत कंद आपला आपण फुगतो, मग बुडाला पांढऱ्या मिशा फुटतात, मग टोक हिरवं होतं. खोक्यांना बांगड्यांचा वास यायचा. पोरं नाक धरायची. फुलांना वास येत नव्हता, तेवढं पुरे.

बाकी अकरा घरं आपापल्या परीनं भिजवायची. कुणी तीन तास, कुणी चार तास, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून. कुणाचं साधायचं, कुणाचं नाही.

तर त्या वर्षी मितोमा हे आमच्या बारा घरांच्या मंडळाचे प्रमुख झाले. माणूस सरळ, कष्टाळू, पण सगळं सारखं पाहिजे ह्याचा भारी सोस. एकाचं फूल आधी, दुसऱ्याचं मागनं, हे त्यांना बघवायचं नाही. त्यांनी ठरवलं की बाराही घरांचे कंद गावच्या सभाघरात एकाच दिवशी, एकाच टाकीत भिजतील. बायका मिसोसाठी, म्हणजे आंबवलेल्या खारट वाटणासाठी, सोयाबीन भिजवतात ती टाकी. सोयाबीन रात्रभर भिजतं, तर कंद का नाही? संध्याकाळी पाचला सोडायचे, सकाळी सहाला सगळ्यांनी मिळून काढायचे.

तसा निरोप फळीवर लावून घरोघर फिरला. आमच्यात निरोपाची फळी आली की वाचायची, आपला शिक्का मारायचा, शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. शिक्का न मारता फळी पुढं गेली, असं आमच्या हयातीत झालं नव्हतं.

किनुयोनं पुढं सरकवली तेव्हा तिच्या शिक्क्याच्या चौकोनात काहीच नव्हतं.

मितोमा तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. "किनुयो-सान, विसरली वाटतं."

"नाही विसरले. माझे कंद मी टाकीत घालत नाही."

"सगळे घालतात."

"घालू देत की. मी त्यांना अडवलंय होय?"

"अगं, पण अकरा शिक्के आन् एक मोकळा चौकोन, दिसायला कसं दिसतं?"

"चौकोनासारखं दिसतं," किनुयो म्हणाली आणि भुसा पिळत राहिली.

तिचा नवरा त्सुनेहिरो आतल्या खोलीत पेपर वाचत होता. पेपर उलटा होता, असं तिची धाकटी मुलगी सांगते.

सप्टेंबरच्या चार तारखेला अकरा घरांचे कंद जाळीच्या पिशव्यांत, नावाच्या चिठ्ठ्या लावून, टाकीत पडले. संध्याकाळीच मितोमांना फोन आला, सासूबाई समोरच्या बेटावर जिन्यावरनं पडल्या. ते शेवटच्या बोटीनं गेले. सकाळच्या बोटीनं परत येतो म्हणाले.

सकाळी सहाला आम्ही टाकीपाशी हजर. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू. मितोमा नाहीत. वारा सुटला होता, बोट निघालीच नव्हती. सात वाजले. आठ वाजले. आम्ही चहा प्यायलो. टाकीकडं बघितलं. पुन्हा चहा प्यायलो.

"काढायचे का?" कुणीतरी म्हणालं.

"काढू की. तुम्ही काढा, मग आम्ही काढतो."

"छे छे, आधी तुम्ही. तुमची पिशवी वर आहे."

"मितोमा-सान येऊ देत. त्यांच्या माघारी बरं दिसत नाही."

दहा जण, टाकी समोर, पिशव्या हातभर अंतरावर, आणि एकाचाही हात पाण्यात जाईना. कुणाची पिशवी आधी निघाली तर त्याचा कंद आधी लागेल, त्याचं फूल आधी येईल, आणि लोक म्हणतील, बघा, मितोमाची सासू पडली ती ह्याच्या पथ्यावर पडली.

नऊच्या सुमाराला किनुयो आली. त्या आठवड्यात सभाघर झाडायची पाळी तिची होती. हातात केरसुणी. तिनं आम्हाला बघितलं, मग टाकी बघितली. पाण्यावर बारीक फेस आला होता. तिनं हात कोपरापर्यंत आत घातला.

"हे तर अंघोळीचं पाणी झालंय! कवापासनं पडलेत हे?"

"काल पाचपासनं," मी म्हणालो.

"सोळा तास? अरे, बुडून मरतील की! काढा भायेर!"

"मितोमा-सान येईपर्यंत..."

"मितोमा-सान काय कंदाच्या तोंडात फुंकर मारून त्यांना जितं करणार हायेत?" ती आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. ज्याच्याकडं बघेल तो चपलेकडं बघायचा. "बापय माणसं तुम्ही! दहा माणसांत एक हात न्हाई व्हय?"

आणि तिनं केरसुणी टाकली, वाकली आणि टाकीचं बूच उपसलं.

पाणी गेलं. पिशव्या तळाशी एकमेकींवर बसल्या. तरीही आम्ही हात लावला नाही. आता तर मुळीच नाही. किनुयो एक-एक पिशवी काढून सावलीत पसरत गेली, नावाची चिठ्ठी वर ठेवून. मग जागा झाडली आणि घरी गेली.

मितोमा बाराला आले. त्यांनी कोरडी टाकी बघितली. त्यांचे कान लाल झाले.

पंधरा दिवसांत कळलं. अकरा घरांचे मिळून निम्मे कंद कुजले. बोटानं दाबला की आतनं पिवळं पाणी यायचं, वास असा की सांडपाणी बरं. आता दोष कुणाचा? मंडळाची बैठक बसली. बोलता-बोलता सगळं किनुयोवर आलं. भिजलेले कंद एकदम उघड्यावर काढले, वारा लागला, म्हणून गेले. कुणाला खरंच तसं वाटत होतं आणि कुणाला तसं वाटून घ्यायचं होतं. रात्रभर बुडवण्यावर शिक्के आपलेच होते ना.

ठरलं की किनुयोनं दारूची एक बाटली घेऊन पुढच्या बैठकीला यायचं, गुडघ्यावर बसून माफी मागायची. नाहीतर तिची फुलं मंडळाच्या खोक्यातनं जाणार नाहीत. ही शिक्षा लहान नव्हती. आमच्या खोक्यावर 'हामाशिरो' छापलेलं असतं आणि लिलावात ते नाव वाचून माणसं हात वर करतात. बिननावाचं खोकं शेवटी निघतं, तोवर घेणारे जेवायला गेलेले असतात.

त्सुनेहिरो गुपचूप जाऊन बाटली घेऊन आला. चांगली, महागातली. देवळीत ठेवली. "अगं, दोन शब्दच तर बोलायचेत. तोंड झिजतंय का?"

बैठकीला किनुयो रिकाम्या हातानं आली.

"बाटली?" मितोमांनी विचारलं.

"तिच्यातली दारू घालून काल बांगडे शिजवले. झकास झालते."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"किनुयो-सान, थट्टा पुरे. बूच तू काढलंस का न्हाई?"

"काढलं. पुन्यांदा तसं दिसलं तर पुन्यांदा काढीन. निम्मे गेले म्हणता, तर निम्मे राहिले कशानं, ते पण सांगा की."

"तुझे किती गेले?"

"सहा खोक्यांतलं एक. बुरशी आली, फेकून दिलं. भुसा नीट पिळला नव्हता. ती चूक माझी, आन् तेवढीच माझी."

"मग तुझी फुलं मंडळातनं जाणार न्हाईत."

"खोक्यावरलं नाव तुम्ही बारशाला ठेवलंय व्हय, मितोमा-सान? बावीस वरसं त्या नावाखाली माझ्या बी कंबरेचा काटा ढिला झालाय. फुलं आली की मी घिऊन येणार. काय करायचं ते तवा करा." आणि ती उठून गेली.

पुढचे दोन महिने तिच्याशी कुणी धड बोललं नाही. वाटेत भेटली तर आभाळाकडं बघून "आज हवा बरी आहे" म्हणायचं, एवढंच. तीही आभाळाकडं बघूनच "बरी आहे" म्हणायची. त्सुनेहिरोला मात्र हे सोसलं नाही. दोन महिन्यांत त्याचा पट्टा एक भोक आत गेला. एकदा तो तिला म्हणाला, "मीच मागतो माफी, तुझ्या वतीनं." ती म्हणाली, "माग. मग जेवायला बी त्यांच्याकडंच जा."

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी पहिला माल निघायचा होता. पहाटे फुलं कापून सगळे सातपर्यंत पॅकिंगच्या शेडमध्ये आले. फुलं थोडी होती, वर्ष तसंच होतं. किनुयो दोन बादल्या घेऊन आली. एकीत पांढरी अॅनिमोनी, काळ्या डोळ्याची, दुसरीत जांभळी. दोन्ही तिनं सरळ मोजमापाच्या मेजावर ठेवल्या, मितोमांच्या पुढ्यात.

मितोमा बादल्यांकडं बघत राहिले.

"एक शब्द बोल," ते हळू म्हणाले. "हितंच. बैठक नको, बाटली नको. चुकलं म्हण."

"न्हाई म्हणणार."

"हट्ट कशापायी गं?"

"तुम्ही मला जोखायला बसलाय का फुलांना? मला जोखायचं असंल तर त्याला ताजवा दुसरा आणा. फुलं हायेत पुढ्यात. बघा, चांगली असली तर घ्या, वाईट असली तर फेका."

मितोमांनी पट्टी पुढं ओढली. मग त्यांनी एक पांढरं फूल उचललं, पट्टीला लावलं. दुसरं उचललं. तिसरं. चौथ्याला त्यांचा हात थांबला.

"दांडा आखूड हाय. दोन बोटं."

किनुयो पुढं वाकली, पट्टी बघितली, डोळे बारीक करून पुन्हा बघितली.

"हाय आखूड," ती म्हणाली. "ते दुय्यममधी टाका."

"ह्यातली पंचवीस तरी दुय्यममधी जातील."

"जाऊ देत. आखूड ते आखूड."

मितोमांनी ती बाजूला काढली. उरलेल्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, हामाशिरोच्या खोक्यात आडव्या लावल्या आणि वहीत पहिल्या प्रतीखाली हाताए असं लिहिलं. चुकलं असं दोघांतलं कुणी म्हणालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

किनुयोनं रिकाम्या बादल्या एकीत एक घातल्या. "आणखी दीडशे कापायचीत," ती म्हणाली आणि वाफ्याकडं चालू लागली.